निळ्या वाडग्यातलं दही

काकांच्या निळ्या वाडग्यात मी दही लावलं.

एवढंच केलं. लिटरभर दूध कोमट केलं, चमचाभर विरजण घातलं, वर ताटली झाकली आणि झोपलो. सकाळी दही कवडीसारखं लागलेलं. इतकं चांगलं दही मी आयुष्यात आधी कधी लावलं नव्हतं आणि नंतरही लावलेलं नाही. पण हे सांगून उपयोग होत नाही. ऐकणारा प्रत्येक जण दह्याचं सोडून वाडग्याचंच विचारतो.

तर आधी काका. काका म्हणजे माझे घरमालक. सिंगापूरच्या उत्तर टोकाला, सेम्बावांगला, चौदाव्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट, त्यातली एक खोली माझी. मूळचे रत्नागिरीकडचे, चाळीस वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढून चीफ इंजिनियर म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या खिडकीतून शिपयार्डच्या क्रेन दिसायच्या. त्या बघत ते सकाळचा चहा प्यायचे आणि क्रेनवाल्याचं काही चुकलं की कपाच्या आडून त्याला मालवणीत शिव्या घालायचे. मी पुण्याचा, आयटीतला, ऑफिस पाया लेबारला. ऑफिसपासून इतक्या लांब खोली का घेतलीस, असं सगळे विचारायचे. जाहिरातीत लिहिलं होतं, 'एसी दिवसभर चालू राहील.' सिंगापुरात असं कुठला घरमालक लिहितो? मला वाटलं, काय दिलदार माणूस आहे. चुकांची मोजदाद करायची तर ही पहिली. दह्याचा नंबर सतरावा-अठरावा असेल.

खोलीत गेलो तर पलंगाच्या वर, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फळी, आणि फळीवर वाडगे. काही राखाडी, काही डागाळलेले, काही अर्धवट निळे. प्रत्येकाला चिठ्ठी लावलेली. एसी त्यांच्यासाठी होता. मी त्या थंडाव्यात राहणारा उपरा.

"काका, ही चिनी मातीची भांडी इथेच राहणार का?" मी विचारलं.

"यात मातीचा कण नाही," काका म्हणाले. "आणि राहणार."

पुढच्या दोन वर्षांत मी किमान पन्नास वेळा 'चिनी माती' म्हटलं असेन आणि त्यांनी पन्नास वेळा तेच उत्तर, त्याच आवाजात दिलं असेल. वैताग यावा असा हा माणूस होता. स्वयंपाकघरात त्यांनी एक लॉगबुक ठेवलं होतं, जहाजावर असतं तसं, बांधीव. गॅस पेटवला की वेळ लिहायची, बंद केला की वेळ लिहायची, खाली सही. मी अंडं उकडलं तरी त्याची नोंद. शिवाय काका स्वतः शेरे लिहायचे. माझ्या नावावर कायम एकच शेरा असायचा: 'सिंकमध्ये कढई. भिजत.' दुसऱ्या दिवशी: 'कढई अजून भिजत.' तिसऱ्या दिवशी: 'कढईला पोहता येऊ लागलं असावं.' भांडी लगेच घासण्यापेक्षा भिजत घातली की आपोआप सुटतात, ही माझी जुनी श्रद्धा आहे. पुण्याला आई घासायची म्हणून ती सुटायची, हे मला सिंगापूरला येऊन कळलं.

काका रागावले की अहो-जाहो करायचे. एरवी 'अरे, तुरे'. "आपण कढई घेऊन कधी निघताय?" असं आलं की मी मुकाट्याने उठायचो.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला कामाला जुंपलं. पाया लेबारला एका औद्योगिक इमारतीत मातीकामाचे वर्ग चालायचे, तिथली भट्टी काका वापरायला घेत. माझं ऑफिस त्याच बाजूला, तेव्हा वाडगा भट्टीपर्यंत नेणं ओघानेच माझ्याकडे आलं. स्पंज घातलेला मोठा डबा माझ्या मांडीवर ठेवला गेला. "हलवू नको. तिरका करू नको. शिंकू नको," एवढ्या तीन सूचना. उघडू नको, असं ते म्हणाले नाहीत. हे मी नंतर त्यांच्या लक्षात आणून दिलं, पण त्याने परिस्थिती सुधारली नाही.

बिशानला मेट्रो बदलून बसलो आणि म्हटलं, वाडगा नीट आहे ना ते एकदा बघावं. झाकण उघडलं तर काय, वाडग्यावर पांढरी लव. सिंगापुरात ज्याने एक वर्ष काढलंय त्याला पांढरी लव म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. माझ्या चामड्याच्या पट्ट्यावर आली होती, लग्नाकार्याच्या बुटांवर आली होती. बुरशी. बिचाऱ्या म्हाताऱ्याच्या भांड्याला बुरशी लागली म्हणून मी तोंड जवळ नेऊन फुंकर मारली, राहिलेलं टिश्यूने हलकेच पुसलं आणि एक चांगलं काम केल्याच्या समाधानात डबा पोचवला.

वाडगा भाजून आला तो सगळीकडून निळा आणि एका बाजूला तळहाताएवढा टकला. काकांनी तो बराच वेळ हातात फिरवला. मग मला बसवलं आणि शाळेतल्या मुलाला सांगावं तसं सांगितलं.

"तुम्ही काय पुसलंत, माहीत आहे? रंग पुसलात."

"काका, ते पांढरं होतं."

"आत्ता पांढरं. भट्टीत निळं." त्यांनी टकल्या जागेवर बोट ठेवलं. "ही गारगोटीची पूड. त्यात सोडा आणि तांब्याचा भुगा. भांडं वाळताना आतला क्षार पाण्याबरोबर बाहेर येतो आणि पृष्ठभागावर बसतो. तो भट्टीत वितळला की काच होते. वरून लेप द्यायचा नाही. भांडं स्वतःचा लेप स्वतः काढतं. याला फायन्स म्हणतात. इजिप्तमध्ये साडेतीन हजार वर्षांपूर्वी करत होते, आणि त्यांच्याकडे तुमच्यासारखा मदतनीस नसावा."

तेव्हा मला एसी कळला. सिंगापूरच्या दमट हवेत भांडं वाळतच नाही, क्षार आतल्या आत रुसून बसतो. अकरा वर्षं काका या हवेशी भांडत होते. आधी ते वाडगे त्यांच्या आणि काकूंच्या खोलीत असायचे. काकू एकदा म्हणाल्या, या खोलीत एक तर मी राहीन नाही तर ही भांडी. काकांनी विचार करायला एक दिवस मागितला. काकू मुलीकडे मेलबर्नला गेल्या त्या तिकडेच रमल्या. दर रविवारी त्यांचा व्हिडिओ कॉल यायचा आणि पहिला प्रश्न मला असायचा, "झाला का रे निळा?" फोन ठेवताना त्या हळूच म्हणायच्या, "त्यांना जेवायला घाल हो वेळेवर."

टकल्या वाडग्यावर काकांनी चिठ्ठी लावली, 'भाडेकरूची फुंकर', आणि तो नेमका माझ्या उशीच्या वर ठेवला. त्या दिवसापासून घरात नवा नियम आला. वाडग्यांच्या पाच फुटांच्या आत शिरलो की काका म्हणायचे, "हात खिशात." घरातल्या चड्डीला खिसे नसायचे. मग मी हात पाठीमागे बांधून माझ्याच खोलीत गुन्हेगारासारखा वावरायचो. काका स्वतःही कायम हात खिशात घालून उभे राहायचे. मला वाटायचं, जहाजावरची शिस्त.

हे सगळं ज्याच्यापायी चाललं होतं तो मूळ वाडगा त्यांनी इजिप्तमधल्या एका म्युझियममध्ये पाहिला होता. जहाज सुएझच्या तोंडाशी रखडलेलं, दोन दिवस मोकळे. बरोबरची मंडळी पिरॅमिड बघायला गेली, हे उकाड्याला कंटाळून म्युझियममध्ये शिरले. तिथे काचेच्या पेटीत एक निळा वाडगा. आतून काळ्या रेघांनी काढलेलं तळं: मधोमध चौकोन, चारी बाजूंना कमळं, आणि पाण्यात एक मासा, तोंडात कमळाची कळी धरलेला. "वाडग्यात पाणी घातलं की मासा पाण्यात," काका म्हणायचे. "काय डोकं आहे बघ. चित्र पुरं करायला भांडं वापरावं लागतं." ही गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली की पुढे पुढे ते 'सुएझ' म्हणाले की मी 'कळी धरलेला' म्हणून मोकळा व्हायचो.

तो मासा तिलापिया. सिंगापूरच्या वेट मार्केटमध्ये, म्हणजे भाजी-मासळी बाजारात, तिलापिया ढिगाने मिळतो. काका शनिवारी सकाळी एक घेऊन यायचे, जेवणाच्या टेबलावर ताटात ठेवायचे, आणि दोन तास त्याचं चित्र काढत बसायचे. मी शाकाहारी. समोर नाश्ता करायला बसलो की तो मासा एका डोळ्याने माझ्याकडे बघायचा. चित्र झालं की काका तो तळायचे आणि खाताना दर वेळी तोंड वाकडं करायचे. "चिखल. नुसता चिखल. कोकणात याला मांजर विचारणार नाही. त्या इजिप्तवाल्यांना चित्र कळत होतं, मासा कळत नव्हता." पुढच्या शनिवारी पुन्हा तिलापिया.

आता म्युझियमवाल्या बाई. या एक सिंगापुरी चिनी बाई, सत्तरीच्या आसपासच्या, जन्मभर इथल्या म्युझियममध्ये जुनी भांडी जोडण्या-तपासण्याचं काम केलेल्या. कुठल्याशा व्याख्यानाला काकांची आणि त्यांची ओळख झाली. काका त्यांना वाडगे दाखवायचे, जुन्यासारखे जमलेत का म्हणून. बाई गळ्यातलं भिंग काढायच्या, बघायच्या आणि एक शब्द बोलायच्या: "कॅनॉट." सिंगापुरात 'कॅन' म्हटलं की सगळं आलं, आणि 'कॅनॉट' म्हटलं की अपील नाही. असं चार वेळा झालं. एकदा त्या 'कॅनॉट'च्या आधी "प्रिटी" म्हणाल्या होत्या. ती काकांनी शिवी धरली आणि आठवडाभर लॉगबुकात शेरासुद्धा लिहिला नाही.

आणि मग एका मार्चमध्ये तो वाडगा झाला. भट्टीतून मीच आणला. डबा न उघडता आणला, हे कृपया नोंदवून घ्यावं. टेबलावर काकांनी झाकण काढलं. निळा. मोरपिसातल्या डोळ्याचा असतो तसा निळा. आत तळं, कमळं, कळी धरलेला मासा. मला यातलं काही कळत नाही, पण त्या दिवशी मी चिनी माती म्हणालो नाही.

बाईंना फोन गेला. त्या म्हणाल्या, येत्या शनिवारी चार वाजता येते. मंगळवारी मुलाकडे लंडनला चालले आहे, कायमची. म्हणजे जे व्हायचं ते शनिवारीच.

काकांनी वाडगा टेबलावर जाळीच्या झाकणाखाली ठेवला आणि गुरुवारी जुन्या जहाजी मित्रांबरोबर बोटीने बाटाम बेटावर गेले. जाताना मला म्हणाले, "फक्त बघ."

त्याच रविवारी मरीन परेडला, माझ्या ऑफिसातल्या मित्राच्या काँडोत गुढीपाडव्याचं जेवण होतं. मी व्हॉट्सअॅपवर सर्वांना कळवून बसलो होतो की श्रीखंड माझं, चक्का घरी टांगलेला, विकतचा नाही. शुक्रवारी ऑफिसातून आलो. दूध तापवलं, ते पातेल्याच्या बुडाला थोडं धरलं, तेव्हा विरजण काढलं आणि दुसरं भांडं घ्यायला सिंककडे वळलो. सगळी भांडी तिथे होती. भिजत. कुकर, कढई, दोन पातेली, काकांची ताकाची तपेली, सगळी.

मी काही तो वाडगा ओळखला नाही अशातला भाग नाही. पूर्ण शुद्धीत होतो. मी इंजिनियरसारखा विचार केला: जो हजार अंशांची भट्टी सोसून आला, त्याला कोमट दूध काय करणार? दुसरं, सच्छिद्र भांड्यात दही घट्ट लागतं, आई मातीच्या बोळक्यात लावायची. तिसरं, शनिवारी सकाळी धुऊन जागेवर ठेवला की झालं. तीन मुद्दे, तिन्ही पटणारे. त्या ऐवजी एक पातेलं घासलं असतं तर तीन मिनिटं लागली असती.

शनिवारी सकाळी दही फडक्यात टांगलं, नाश्त्यापुरतं बाजूला काढलं आणि वाडगा ओट्याच्या कोपऱ्यात ठेवला. आता धुणार, एवढ्यात ऑफिसचा फोन आला. कुठलीशी सिस्टिम बंद पडली होती. तो फोन संपता संपता दार वाजलं. काका सकाळच्याच बोटीने परत आले होते.

"खायला काही आहे का रे?"

मी दही-पोहे पुढे केले. काकांनी दोन घास खाल्ले आणि थांबले.

"आज दही जमलंय तुला. एरवी ताक असतं. कशात लावलंस?"

इथे मला खोटं बोलता आलं असतं. पण दोन वर्षांत त्यांनी माझं केलेलं ते पहिलं कौतुक होतं आणि ते डोक्यात गेलं.

"तुमच्या वाडग्यात," मी म्हणालो. "काका, दह्याला तुमचा फायन्स म्हणजे..."

काकांनी चमचा खाली ठेवला. मग पुन्हा उचलला, वाटीतलं संपवलं, कारण जहाजावर अन्न टाकत नाहीत. मग म्हणाले, "आणा. बघू द्या."

वाडगा टेबलावर आला. कडेला वाळलेल्या दह्याची साय धरलेली. तळाला एक केसाएवढी चीर होती, आधीपासूनचीच, आणि तिच्यातून दह्याचं पाणी आत मुरून बुडाला पिवळट नकाशा उमटलेला. माशाच्या शेपटीवरची चमक मंदावली होती.

काकांनी वाडगा घ्यायला खिशातून हात काढले. तेव्हा मी ते हात पहिल्यांदा नीट पाहिले. थरथरत होते, थंडी वाजल्यासारखे. त्यांनी ते तसेच परत खिशात घातले.

"काका, आणखी एक करू," मी म्हणालो. "मी मळीन, मी वाळवीन, भट्टीत मीच नेईन."

"रेघ कोण ओढणार?" काका म्हणाले. "तुम्ही?"

मी म्हटलं, निदान धुऊन तरी देतो.

"हात खिशात."

साबण आणखी आत मुरला असता, पाण्याने चीर वाढली असती. वाडगा होता तसा राहिला. दुपारभर आम्ही दोघं टेबलाच्या दोन बाजूंना बसून होतो. कोणी जेवलं नाही. लॉगबुकात त्या दिवशी फक्त एवढंच आहे: '०९२०. दही.'

चारला बाई आल्या. दाराशी चपला काढल्या, बसल्या, भिंग काढलं. पाच मिनिटं हात न लावता बघितलं. मग वाकून वास घेतला.

"आत दूध कोणी घातलं?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

मी पाठीमागे हात बांधून उभा होतो. तोंड उघडणार, तेवढ्यात काका म्हणाले, "माझ्या घरात झालं. जबाबदारी माझी." चाळीस वर्षं इंजिनरूममध्ये जे बिघडेल ते चीफच्या खात्यावर जात आलेलं. मला ते माझ्यावर ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

"मी घातलं, मॅडम," मी म्हणालो. "दूध नाही. योगर्ट."

"अय्यो," बाई म्हणाल्या आणि माझ्याकडे भिंगातून बघितल्यासारखं बघितलं. मग वाडगा उलटा केला. पिवळ्या डागावर नख फिरवलं. चीर बघितली. वेळ जाता जाईना.

"चिनी माती असं पीत नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "लेप दिलेलं भांडंही नाही. आतून बरोबर केलंय म्हणून प्यायलंय." पुन्हा सरळ केला. "माशाचं पोट मोठं आहे."

"वेट मार्केटचा आहे," काका म्हणाले.

"डाग जाणार नाही." बाईंनी भिंग गळ्यात सोडलं. "बट धिस वन, कॅन."

चहा घेणार का, असं विचारून काका स्वयंपाकघरात गेले आणि तिथे बराच वेळ लावला. चहा आला तो बिनसाखरेचा. बाईंनी तसाच प्यायला. पिता पिता त्या म्हणाल्या की असे काही जुने वाडगे थडग्यांतून निघाले, त्यांत दुधाचे अंश सापडलेत. गाईच्या रूपातली एक देवी होती, तिला दूध वाहत असावेत, असं काही जण मानतात. हे ऐकून मी पाठीमागचे हात सोडले.

बाई गेल्या. काकांनी लॉगबुक उघडलं आणि एका हाताने दुसरं मनगट धरून काहीतरी लिहायला लागले. मला राहवेना.

"म्हणजे बघा काका," मी म्हणालो, "तसा मी चुकलोच नाही. साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा माणूस जे करत होता, नेमकं तेच मी केलं. म्हणायला हरकत नाही की वाडगा खऱ्या अर्थाने पुरा झाला तो माझ्या..."

काकांनी मान वर केली नाही.

"दूध देवीला वाहिलं, इथपर्यंत ठीक," ते लिहिता लिहिता म्हणाले. "पण त्याचे अंश आजपर्यंत राहिले कसे, याचा विचार केलास? तिथेही तुझ्यासारखा एक भाडेकरू असणार. 'भिजतंय' म्हणून सांगणारा."